घोंगडीचा खांदा

जालन्याच्या दवाखान्यात, शॉकच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारी दोघी बोलत होत्या.

"आत कोण हाय तुमचं?"

"मालक. खांद्यावर नागीण उठल्ती. ती गेली, पण आग न्हाई गेली. घोंगडी टाकली तरी वरडायचे."

"आन् त्याला शॉक?"

"मंग बोलणंच बंद झालं. विहिरीकडं बघत बसायचे. मेंढरं इकली, तवा बी तोंड उघडलं न्हाई. गोळ्यांनी फरक पडंना, मंग डॉक्टरनी शॉक सांगितला."

"भेव न्हाई वाटलं?"

"वाटलं ना. पण भूल देऊन करतेत. नंतर थोडं इसरतेत, बस."

दार उघडलं. चाकाच्या खुर्चीत तिचा नवरा होता.

"आशे, गार लागतंय. घोंगडी दे."

"कुठं टाकू?"

"खांद्यावर. आणखी कुठं टाकतेत?"

तिनं हळूच टाकली. हात तिथंच ठेवला.

"दुखतंय का हो?"

"न्हाई गं. जल्दी चल घरी. मेंढरं कुणाजवळ सोडून आलीस?"

शेजारची बाई खाली बघायला लागली.

"भावजींजवळ."

"बराबर चारतो का त्यो?"

"बराबर चारतेत."