ओढली की निघाली पाहिजे

...आणि वर मलाच विचारतात, "मास्तर, एवढं घट्ट कशाला शिवलंत?" म्हणजे बघा! उभा जन्म मशीनवर गेला, लोक येतात ते बटण तुटलं म्हणून, हूक निघाला म्हणून, चेन अडकली म्हणून. घट्ट शिवलं अशी तक्रार घेऊन आजवर एक माणूस या दुकानाची पायरी चढला नव्हता. बसा तुम्ही, तुमची पँट खालून दुमडून होईस्तोवर सांगतो, आणि मग तुम्हीच न्याय करा. शिवलेलं सुटावं म्हणून कुणी शिवतं का?

तर आमची धाकटी खेळते. काय खेळते, तर फ्लॅग फुटबॉल. मला वाटलं फुटबॉल म्हणजे लाथा मारायच्या. छे! नाव फुटबॉल, पण चेंडूला पाय लावायचाच नाही, हातात धरून पळायचं. चेंडूही गोल नाही, दोन्हीकडून टोक काढलेला, उशी शिवताना भरण कमी पडलं की होते ना, तसा. एका बाजूला पाच जणी. धक्का मारायचा नाही, अडवायचं नाही, पाडायचं तर अजिबात नाही. मी म्हटलं, मग पळणाऱ्या मुलीला थांबवायचं कसं, विनंती करून? तर म्हणाली, "बाबा, कमरेच्या पट्ट्याला दोन बाजूंनी दोन फ्लॅग, म्हणजे कापडाच्या फिती, लोंबत असतात. समोरच्या मुलीनं एक ओढून काढला की संपलं, जिथं निघाला तिथं खेळ थांबतो."

हे ती मला सांगत होती तेव्हा मी कुणाच्या तरी कोटाची बाही बेतत होतो. आता तुम्हाला खरं सांगतो, कात्री चालू असताना माणसाच्या कानात सगळं जातं, पण बसतं तेवढंच जे धंद्याचं असतं. मैदान वारात मोजतात, हे लगेच बसलं. अहो, कापड कधीचं मीटरवर गेलं, वार हा शब्द ऐकून जमाना झाला, आणि हा खेळ अजून वारावर! बरं वाटलं मला. मध्ये एक रेघ, म्हणजे थानाची घडी समजा. आपल्या टोकाकडून सुरुवात करायची आणि चार प्रयत्नांत ती घडी ओलांडायची. त्या एकेका प्रयत्नाला डाउन म्हणतात. मी म्हटलं, कळलं, चार ट्रायलमध्ये कोट अंगावर बसला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याकडे. ती म्हणाली, "तसंच. चेंडू दुसऱ्यांकडे जातो. आणि घडी ओलांडली की नवे चार मिळतात, पार शेवटच्या पट्ट्यात पोचायला." त्या शेवटच्या पट्ट्याला एंड झोन म्हणायचं, तिथं चेंडू घेऊन पोचलं की टचडाउन, सहा गुण. मग जवळून आणखी एक संधी मिळते, एक गुणाची नाहीतर दोन गुणांची, जशी हिंमत.

पुढचं ऐका. एक मुलगी वाकते आणि पायांच्या मधून चेंडू मागे देते, तो स्नॅप. देणारी सेंटर. घेणारी क्वार्टरबॅक, तिनं चेंडू घेऊन स्वतः पुढं पळायचं नाही, सात सेकंदांत फेकायचा. आणि समोरची एक जण सात वारांवरून तिच्या अंगावर धावत येते, तिला रशर म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे लग्नसराईत आपलं दुकान. मागून कापड आलंय, समोरून गिऱ्हाईक धावत येतंय, आणि हातातलं कुणाच्या तरी गळ्यात टाकायचंय. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून लक्षात राहिलं.

कारण असं, की गेलं वर्षभर ही राखीव होती. राखीव म्हणजे बाकावर बसून दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. घरी यायची ती कपडे कोरडेच, घामाचा डाग नाही. तिच्या आईला तेवढंच धुणं कमी, पण ती बिचारी ते कोरडे कपडे हातात धरून उभी राहायची. आणि या मोसमात पोरगी पाच जणींत आली. त्या वेळी पुढच्या रविवारी मॅच होती, ती जिंकली तर संघ मोठ्या स्पर्धेला जाणार. घरात दुसरा विषय नाही.

तेवढ्यात त्यांच्या मॅडम आल्या दुकानात. कोच. शांत बाई, पण आवाज असा की मशीन आपोआप थांबावं. म्हणाल्या, पट्ट्यांचे प्लास्टिकचे खटके झिजलेत, फ्लॅग पळता पळताच गळून पडतात, आणि आपणहून पडला तर समोरच्या मुलीनं नुसता हात लावला तरी खेळ थांबतो. तर खटके काढून वेल्क्रो लावून द्याल का? मी म्हटलं, द्या इकडे. मग नियम सांगितले. चड्डीला खिसे नकोत, फ्लॅग ओढताना कुणाची बोटं अडकतात. सदरा आत खोचलेला हवा. फ्लॅगचा रंग चड्डीच्या रंगाहून वेगळा हवा. पळताना फ्लॅगवर हात धरायचा नाही, तो फ्लॅग गार्डिंगचा गुन्हा. आणि शेवटी, जाता जाता, "मास्तर, घट्ट नको हं. ओढली की निघाली पाहिजे."

मी हो म्हटलं. आम्ही सगळ्यांनाच हो म्हणतो. गिऱ्हाईक म्हणतं सैल ठेवा, आम्ही हो म्हणतो आणि आम्हाला दिसतं तेच शिवतो.

पहिला पट्टा झाला. मॅडमना दाखवला, त्यांनी ओढला, निघाला, खूश होऊन गेल्या. मग बाकीचे झाले. ओळीनं टांगले समोर. सुंदर दिसत होते हो. सहज म्हणून एक ओढून पाहिला... चर्र. आला हातात! मी शिवलेली वस्तू, आणि माझ्याच हातात! दुसरा ओढला, तोही आला. तुम्हाला सांगतो, तिसऱ्याला हात लावला नाही. भरल्या मैदानात, लोकांसमोर, मास्तरांनी शिवलेलं फटाफट गळतंय... मी नियम मोडत नव्हतो, मला फक्त बघवेना. म्हटलं, वेल्क्रो आहेच, मॅडमनी पाहिलेला सोडून बाकीच्यांना आधाराला दोन टाके घालू. हातानं. त्याच रंगाचा दोरा, बारीक, कपड्याच्या आत लपणारे. असे टाके की घातल्यावर माझे मलाच दिसेनात. आणि धाकटीच्या पट्ट्याला... चार. आपलं लेकरू आहे, वर्षभर बसून होतं, म्हटलं हिचं काही सुटायला नको.

शिवलेलं सुटावं म्हणून, तुम्हीच सांगा, कुणी शिवतं का?

रविवार आला. दुकान बंद ठेवून गेलो, बायकोही आली. पंच आले, त्यांनी खिसे बघितले, सदरे खोचलेत का बघितलं, रंग बघितला, एक पट्टा ओढून पाहिला, आणि हाती नेमका तोच लागला जो मॅडमना दाखवला होता. चांगला सुटला. सुरू करा म्हणाले.

मॅच सुरू झाली. एक डाउन, दुसरा डाउन, सगळे पास हुकले, कुणाच्या हाती काही लागेना. तिसऱ्याला क्वार्टरबॅकनं चेंडू लांब फेकला आणि तो आमच्या धाकटीनं धरला. धरला हो! मी उभा. ती पळतेय, समोरच्या संघातली एक उंच मुलगी मागून आली, झेप घेतली, फ्लॅग बरोबर मुठीत पकडला... आणि तो निघेना. धाकटी पळतेय, मागे ती उंच मुलगी लोंबकळतेय, गुडघे घासत चाललीय, फ्लॅग सोडत नाहीये, आणि मी? मी बाकावर चढून ओरडतोय, "बघा, बघा, याला म्हणतात काम!" बायको सदरा ओढतेय माझा, "अहो, खाली उतरा, काहीतरी चुकतंय." मी म्हटलं, चुकत नाहीये, टिकतंय!

गेली ती थेट एंड झोनमध्ये. टचडाउन. आमच्या बाजूला टाळ्या. मग शिट्टी. लांबलचक.

पंचांनी पट्टा काढून हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, नखानं खरवडला. टचडाउन रद्द. सगळ्यांचे पट्टे तपासले. मग मॅडमना म्हणाले, मध्यंतर आत्ताच घेऊ, ते संपायच्या आत सगळे फ्लॅग सुटते झाले नाहीत, तर मॅच समोरच्यांना. मॅडम माझ्याकडे आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "मास्तर, एवढं घट्ट कशाला शिवलंत?"

आता बसलो उसवायला. माझ्या खिशात छोटी कात्री असतेच, पण टाके सापडायला नकोत? त्याच रंगाचा दोरा, आत लपवलेले! आयुष्यात इतकं बारीक काम केलं नव्हतं आणि आता तेच मुळावर आलं. चष्मा पुसला, कापड उन्हाकडे धरलं, बोटांनी चाचपलं, काही नाही. बायको म्हणते, "दिसतात का?" मी म्हणतो, दिसले असते तर माझे कशाला असते!

तेवढ्यात शेजारी कुणी येऊन बसलं. तीच उंच मुलगी, गुडघे सोललेले. मी म्हटलं, बाळा, माफ कर मला. ती म्हणाली, "नाही काका, मला वाटलं माझ्याच हातात जोर नाही." आणि माझ्या हातातला पट्टा घेऊन नख फिरवत म्हणाली, "हा बघा इथे आहे एक." समोरच्या संघातली मुलगी टाके शोधतेय, मी कापतोय, ती शोधतेय, मी कापतोय. तिच्या मॅडम लांबून हाका मारतायत, ती म्हणते आले, आले, एकच राहिलाय.

धाकटी पाणी पीत उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. मग बाटलीचं झाकण लावत तिनं विचारलं, "बाकीच्यांना किती टाके?"

"दोन."

"आणि मला?"

मी कात्रीकडे बघत म्हटलं, "चार."

तिनं बाटली खाली ठेवली. पट्टा बांधला, फ्लॅग एकदा ओढून पाहिला, निघाला, परत चिकटवला आणि गेली.

दुसऱ्या अर्ध्यात काय सांगू तुम्हाला, मी बसूनच होतो. आमचा कुणाचा फ्लॅग निघाला की चर्र असा आवाज यायचा आणि माझ्या छातीत एक टाका तुटायचा. पण पोरी खेळल्या. समोरच्यांनी सहा गुण केले आणि वर एक. आमच्यांनीही सहा केले, वरचा एक हुकला. एका गुणानं मागे, आणि शेवटचा डाउन. चेंडू पुन्हा धाकटीकडे. पळाली. मागून पुन्हा तीच उंच मुलगी. हात फ्लॅगपर्यंत आला, आणि धाकटीचा हात, मी बघितला, अर्धा खाली आला झाकायला, आणि परत वर गेला. चर्र. एंड झोनच्या रेघेच्या अलीकडे, एका पावलावर.

हरलो. एका गुणानं. आणि सहा गुण कुठं गेले ते मला ठाऊक.

घरी चालत निघालो. बायको मुद्दाम पुढं गेली, तिला कळतं. मी मनात वाक्य जुळवत होतो, एक शिवायचं, उसवायचं, दुसरं शिवायचं, एकही बसेना. शेवटी धाकटीच म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी सराव आहे. याल?"

मी म्हटलं, येऊ?

"या ना. नुसते या. काही शिवून आणू नका."

मी कबूल केलं. तोंडदेखलं नाही, खरं. आणि परवाच्या रविवारी गेलोही, हात हलवत. कडेला बसलो. ती पळत माझ्या समोरून गेली तर काय, खांद्याजवळ सदरा उसवलेला, चांगला बोटभर, प्रत्येक पावलाला आणखी उघडतोय. सुई माझ्या कॉलरमध्ये खोचलेली, दोऱ्यासकट. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं.

काय करणार... दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि बघत बसलो.