एकेचाळिसावं नाव

साहेब : एकेचाळीस? सिस्टर, मी चाळिसाच्या आत बसवा म्हणालो होतो.

सिस्टर : आपल्या वॉर्डातला तो गवंडी तापानं फणफणला असताना जे जे त्याच्या जवळ गेले, त्यांची यादी आहे ही. ते गेले एकेचाळीस. मी काय करू?

साहेब : एक गाळा! यादी चाळिसापर्यंत असली की ती 'तुरळक घटना'. एकेचाळीस झाले की 'साथ', आणि मग वर कळवावं लागतं. उद्या सभागृहात तीनशे लोकांसमोर 'आजार आटोक्यात' म्हणून सांगायचंय मला. हारसुद्धा सांगून झालेत.

सिस्टर : विषाणूला कळवलंय का कुणी, उद्या सभा आहे म्हणून?

साहेब : टोमणे नकोत. आम्ही काय हातावर हात ठेवून बसलोय? बाजारामागच्या झाडावरची वटवाघळं फटाके लावून हाकलली की नाही?

सिस्टर : हाकललीत ना. खाली दोनशे लोक जमले होते बघायला, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. अहो, वटवाघळाचं काम गवंड्यानं खाल्लेल्या त्या एका उष्ट्या फळापाशी संपलं. पुढचं सगळं माणसांनीच केलंय.

साहेब : द्या ती यादी इकडे. बायको... ती राहू दे. हा मेहुणा कशाला?

सिस्टर : दोन रात्री उशाशी बसला होता. ओकाऱ्या त्यानंच पुसल्या.

साहेब : बरं, न्हावी तरी काढा. दाढीतून काय होतंय?

सिस्टर : दाढीतून नाही हो. तोंडासमोर तोंड, आणि गवंडी खोकतोय.

साहेब : आणि ह्या वॉर्डातल्या मावशी? त्या तर आपल्याच.

सिस्टर : आपल्याच. त्याच्या चादरी उचलल्या त्यांनी, उघड्या हातांनी. हातमोजे संपले होते. मागणीचा कागद महिनाभर तुमच्याच टेबलावर आहे, त्या फुलदाणीखाली. मावशींना परवापासून ताप आहे.

साहेब : अरेच्चा. मला कुणी बोललं नाही.

सिस्टर : बोलले होते. तुम्ही भाषण पाठ करत होतात.

साहेब : ठीक आहे, ठीक आहे. मग शेवटचा उडवतो, विषय संपला. एकेचाळीस... अहो, हा तर माझा हुद्दा लिहिलाय!

सिस्टर : आला होतात ना, विचारपूस करायला.

साहेब : दोन मिनिटं! फोटोपुरता!

सिस्टर : मास्क काढून.

साहेब : मग चेहरा कसा दिसणार? पेपरवालाच म्हणाला, काढा म्हणून.

सिस्टर : आणि गवंड्याचा हात हातात घ्या म्हणाला. त्याला फोटो पसंत पडेना, म्हणून तीनदा घेतलात. तिसऱ्यांदा गवंडी खोकला तो थेट तुमच्या तोंडावर. पेपरवाला चाळीस नंबरला आहे. गुपचूप घरात बसलाय बिचारा.

साहेब : नऊ दिवस झाले त्या फोटोला. मी ठणठणीत आहे.

सिस्टर : मग हा थर्मामीटर काखेत धरा.

साहेब : सकाळपासून डोकं जरा ठणकतंय, पण ते सभेच्या धावपळीनं.

सिस्टर : धरा म्हणते ना.

(सिस्टर घड्याळाकडे बघते.)

साहेब : किती?

सिस्टर : एकशे दोन.

साहेब : बिघडलेला असेल. आपल्याच ऑफिसची खरेदी.

सिस्टर : दुसरा आणलाय, माझा घरचा. लावा... बघा. तेवढाच. साहेब, हा मास्क चढवा आणि माझ्याबरोबर वॉर्डात चला. मी लांबून बोलतेय, राग मानू नका.

साहेब : आणि सभा?

सिस्टर : सभा रद्द. मी आत्ता वर फोन करतेय.

साहेब : सिस्टर... मावशी कशा आहेत?

सिस्टर : सकाळपासून शुद्धीवर नाहीत.

साहेब : माझ्यामुळे झालं ना हो? मी सही केली असती त्या कागदावर...

सिस्टर : ते नंतर बोलू. आधी सांगा, अंग कधीपासून गरम आहे? खरं सांगा.

साहेब : काल सकाळपासून. घरीसुद्धा बोललो नाही. भीती वाटली हो.

सिस्टर : मग कालपासून जे जे जवळ आले, त्यांची नवी यादी करायची. बोला, लिहिते मी.

साहेब : सगळी लिहा. एकही गाळू नका.

सिस्टर : नाही गाळत. बोला.

साहेब : पहिलं नाव नातीचं घ्या. साडेतीन वर्षांची आहे. माझ्याच ताटात जेवते.