पणजीच्या माहेरचं आडनाव

हॅलो? …कोण? …हां, मिओद्राग. बोल. …बरी आहे. …दालिबोरही बरा आहे. चुलतबहिणीच्या नवऱ्याची चौकशी करायला तू बेलग्रेडहून फोन करणार नाहीस, तेव्हा मुद्द्यावर ये.

…हो, मिळालं तुझं पुस्तक. म्हणजे छापायच्या आधीची प्रत. …बघितली की. पानन् पान बघितलं. वर सोनेरी अक्षरांत 'स्तामेनिच घराणं'. आत तुझा फोटो, तुझ्या मुलाचा फोटो, तुझ्या मुलाच्या गाडीचाही फोटो. आणि माझ्या नावापाशी रेघ संपली. …का म्हणजे? मला दोन मुली आहेत, मिओद्राग. दोघींच्या बाप्तिस्म्याला तू पोटभर जेवून गेलायस.

…मुलीचा वंश धरत नाहीत. हं. …कोण धरत नाही? …पद्धत. बरं.

…नाही, भांडत नाही. तू सांग, फोन कशाला केलास? …एकच चौकट रिकामी. पणजीची. …हो, हो, छापखानेवाला खोळंबलाय, तीनदा सांगितलंस. …माहेरचं आडनाव, कळलं.

अरे ऐक ना, आधी मला सांग, तू शोधलंस कुठे कुठे? …सात गावं? …आणि डोंगरापलीकडे माणूस पाठवलास? …आणि आपल्या तानास्को पणजोबाला दिलेली स्तोयना नावाची मुलगी कुठल्याच गावात सापडेना. …हसत नाही. खोकला आहे.

…कुणाला आठवणार? गाव तिला जन्मभर 'तानास्कोची बायको'च म्हणत आलं. थडग्यावरही तेच कोरलंय.

…थांब, थांब. शनिवारी काय म्हणालास? …गाडी घेऊन येणार. …तसबीर न्यायला. …संत निकोलस घराण्याचा आहे, बापाकडून मुलाकडे जातो, हे मला शिकवू नकोस. या भिंतीवर… …मी बोलू? …या भिंतीवर ती माझ्या बापाच्या जन्माआधीपासून आहे. दर डिसेंबरात तिच्यापुढे मेणबत्ती मी लावते, सणाचा पाव मी भाजते…

…काय म्हणालास? …पुन्हा म्हण. …नाही, म्हणच. दालिबोर इथेच बसलाय, त्यालाही ऐकू दे.

…'घरजावयाच्या छपराखाली आपला संत शोभत नाही.' वा. एकतीस वर्षं झाली, मिओद्राग. दर सणाला माझ्या टेबलाशी बसून, माझी राकिया पिऊन तू त्याला हेच ऐकवतोस, आणि तो मान खाली घालून तुझा ग्लास भरतो. काल त्याने स्वतः ती तसबीर उतरवली. जुन्या चादरीत गुंडाळली, दोरीने बांधली. म्हणाला, नेऊ दे त्याला, भांडण नको. …नाही, रडत नाही. तुझ्यापुढे तर नाहीच नाही.

…हो, नाव. सापडलंय नाव. …सापडलंय म्हणजे सापडलंय. परवा चर्चमध्ये गेले होते. …आपल्याच. …अरे तेच तर. सुना बाहेरून येतात, म्हणून तू सगळं जग पालथं घातलंस आणि गावातलं लग्नाचं रजिस्टर उघडलं नाहीस. फादर फिलिमोननी कपाटाच्या तळातून काढून दिलं. साल अठराशे एकोणनव्वद. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं.

…सांगते. पेन आहे का जवळ? …घे लिहून. वधू, स्तोयना. आईबापांची एकुलती एक. आडनाव, स्तामेनिच.

…नाही, चुकून नाही. …नाही, चुलत भावंडांचं लग्न नव्हे, काहीतरी बरळू नकोस. पुढचं ऐक. वर, तानास्को पाउनिच. डोंगरापलीकडून आलेला. वधूच्या बापाकडे गडी होता. खाली त्या वेळच्या फादरच्या अक्षरात शेरा आहे, सासऱ्याच्या घरी राहायला आला, त्याचं नाव घेतलं, त्याचा संत घेतला.

…लिहितोयस ना?

घरजावई, मिओद्राग. आपला पणजोबा. …अरे आठव जरा. आजी नोव्हेंबरात संत जॉर्जच्या नावाने एक बारीक मेणबत्ती लावायची. ना पाहुणे, ना पाव. विचारलं की म्हणायची, चालत आलंय तसं करते. तो त्याचा संत होता. मागे सोडून आलेल्या घराचा.

…ओरडू नकोस, मला नीट ऐकू येतं. …फाडायला ते पान माझं नाही, चर्चचं आहे. …हो, मग मीही पाउनिचच. मला त्याची लाज नाही. पण नियम तुझा आहे ना? मुलीचा वंश धरायचा नाही? मग तू स्तामेनिच नाहीस. ते पुस्तक तुझं नाही, आणि संत निकोलसही तुझा नाही. …ये की शनिवारी. संत जॉर्जची मेणबत्ती कागदात बांधून ठेवते. तुझी आहे, ती ने.

…एकोणीस डिसेंबरला, संत निकोलसच्या सणाला? …संताच्या दिवशी कुणाला बोलवत नाहीत, हे तुला माहीत आहे. ज्याला यायचं तो येतो. दार उघडं असेल. पाहुण्यासारखा ये, पाहुण्यासारखा बस. फक्त त्या दिवशी दालिबोरचा ग्लास तू भरायचास. …हो, तू. …हात झिजणार नाहीत तुझे…

…हॅलो? …मिओद्राग? …हॅलो?

ठेवला.

…दालिबोर, ए दालिबोर. इकडे बघ. सोड ती दोरी. खिळा अजून भिंतीतच आहे.