कर्ण्यावरचा फटका

(कला संग्रहालयातली सामानाची खोली. बाहेरच्या दालनातली जॅझची मैफल अर्ध्यावर थांबली आहे.)

शेफाली : विक्रम, मान खाली घाल, रक्त गिळू नकोस. हा बर्फ धर. आणि तुम्ही तिथंच थांबा. पोलीस येतायत.

वैजनाथ : येऊ द्या. पळून न्हाई चाललो. भाऊ हाय मी त्याचा.

शेफाली : सख्खा भाऊ? तुमचा लाल कोट बघून गार्डला वाटलं, तुम्ही आर्टिस्टच आहात. ही मैफलींची सिरीज सुरू केल्यापासून आज पहिल्यांदा हॉल फुल होता. हा डोळे मिटून ट्रंपेट वाजवत होता आणि तुम्ही समोरून कर्ण्यावर फटका मारलात! पितळी टोक सरळ दातांवर बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माहितीये? त्यांना परफॉर्मन्स वाटला.

वैजनाथ : तिकडंबी वाजवल्या.

विक्रम : तिकडं? दादा... काय झालं?

वैजनाथ : आता इचारतोस? आज खडकवासल्याला लॉन्सवर लग्नात आपल्या बँडची सुपारी व्हती. तू इकडं आलास आन् तुझ्या जागी डमी संतोषला धाडलंस.

विक्रम : डमी तर दरवेळी असतात.

शेफाली : डमी म्हणजे?

वैजनाथ : बँड भरलेला दिसावा म्हणून उभा केलेला माणूस. ह्यो असला लाल कोट घालतो, ट्रंपेट तोंडाला लावतो, फुंकत न्हाई. पण एक तरी खरा वाजवणारा लागतो की न्हाई? तो ह्यो.

विक्रम : वरातीत कोण ऐकतंय, म्हटलं...

वैजनाथ : नवऱ्याच्या चुलत्यानं ऐकलं. पिऊन तर्र. संतोषच्या कानाखाली काढली. मग बाबांनी संतोषचा ट्रंपेट घेतला.

विक्रम : बाबांनी? अरे, त्यांना जिना चढवत नाही!

वैजनाथ : पाऊण तास फुंकला. जरा थांबले की तो पाठीत बुक्की घालायचा. ‘वाजव म्हाताऱ्या.’ बाबा गुडघ्यावर आले, तरी ट्रंपेट तोंडालाच. तवा त्यानं कर्ण्यावर हाणली. दोन दात पडले. पब्लिक हसलं, टाळ्या वाजवल्या.

शेफाली : अरे देवा. कुठं आहेत ते?

वैजनाथ : दवाखान्यात. आई बसलीय जवळ.

विक्रम : आणि तू त्याला काय केलंस?

वैजनाथ : तिथं त्याची पन्नास माणसं व्हती.

विक्रम : आणि इथं मी एकटा.

वैजनाथ : तुझं तोंड दिसलं. डोळे मिटून, सुखात. डोकंच फिरलं माझं.

शेफाली : ह्याचे पुढचे दात हलतायत. ओठ फाटलाय. हा परत वाजवू शकेल का, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

वैजनाथ : कळतं. म्हणूनच तिथं हाणलं. ताई, पोलिसांना माझं नाव सांगा. खोटं बोलणार न्हाई मी.

विक्रम : सांग, शेफाली. पण त्याच्याआधी त्या चुलत्याचं सांग.

शेफाली : दोन्ही सांगते. काय नाव त्याचं?

वैजनाथ : ...न्हाई ठाऊक.

विक्रम : सुपारी घेतली ना त्याच्याकडून?

वैजनाथ : बाबांनी घेतली व्हती.

विक्रम : मग बाबा काय म्हणत होते त्याला?

वैजनाथ : मालक. दात पडल्यावरबी मालकच म्हणत व्हते.