वाकड्या खुर्चीचं कव्हर

सून : अजून ओढा, आई. कोपरा वरच राहिलाय.

सासू : ओढतेच आहे. कापड आहे ते, रबर नव्हे. आणखी ओढलं तर शिवण बोंबलेल.

सून : काल टाचण्या लावल्या तेव्हा तर चपखल बसलं होतं. आता उजव्या हाताला आवळतंय आणि डावीकडे बघा, नुसती झोळी. मांजर झोपेल त्यात.

सासू : शिवताना तूच कुठेतरी जास्त दाबलंस.

सून : खडूच्या रेघेवरून केसभर हलले नाही. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी, आल्यावर मशीनवर. कंबर अजून शिव्या देतेय. मी म्हणत होते, टेपने मापं घेऊ. तुम्हीच म्हणालात, खुर्ची सरळ नाही, तिच्या अंगावरच कापड टाच.

सासू : बरोबरच म्हणाले. यांनी बसून बसून उजवी बाजू पार दाबून टाकलीय. खुर्चीचा हातसुद्धा बाहेर कललाय. सरळ मापाचं कव्हर तिला बसेल कसं?

सून : थांबा. टाचताना कापड उलटं होतं ना?

सासू : उलटंच घालतात. शिवण आत जायला हवी.

सून : आणि नंतर आपण ते सुलट केलं. म्हणजे उजवीकडचं गेलं डावीकडे. सरळ खुर्चीला चाललं असतं. वाकडीला कसं चालेल?

सासू : अगं बाई!

सून : तुमचा सगळा जन्म शिवणात गेला आणि...

सासू : मी माणसांचे कपडे शिवले. माणसं दोन्हीकडून सारखी असतात. बाहेरून तरी. आता उलटंच राहू दे ते.

सून : मागची बाजू पांढरट, वर शिवणी आणि दोरे. तुमचे चिरंजीव दारातूनच म्हणतील, ही गेली भंगारात.

सासू : तुझा नवरा.

सून : असलं काही बोलतो तेव्हा तो तुमचा मुलगा असतो.

सासू : नेमकं काय म्हणाला होता?

सून : 'नवा सोफा येतोय, जुन्या दोन्ही खुर्च्या उद्या सकाळी टेम्पोत. धड दिसली तर एक ठेवा, आईला बसायला.'

सासू : मला काय, कुठेही बसता येतं. मला यांची खुर्ची हवीय. हे गेल्यावर कपडे दिलेत, चष्मा दिलात. मी काही बोलले?

सून : नाही बोललात. म्हणून तर हा खटाटोप.

सासू : कापड उरलंय थोडं?

सून : चिंधीसुद्धा नाही. आमच्या खोलीच्या पडद्यातून वाचलेलं, तेवढंच होतं.

(सासू थकून शेजारच्या आपल्या खुर्चीत बसते. कव्हर मांडीवर.)

सून : आई, जरा उठता?

सासू : आत्ता कुठे टेकले गं.

सून : उठा तर. हे तुमच्या खुर्चीला घालून बघते. हा हात गेला... हापण गेला. बघा! एक सुरकुती नाही.

सासू : हे कसं काय?

सून : तुमची डावीकडे दबलीय, बाबांची उजवीकडे. मध्ये टीपॉय. दोघं एकमेकांकडे कलून बसायचात.

सासू : प्रेमाबिमाचं काही नव्हतं हं. यांना कमी ऐकू यायचं. मी ओरडायला झुकायचे, हे 'काय?' म्हणायला.

सून : इतकी वर्षं?

सासू : त्यात निम्मी भांडणंच. म्हणजे आता धड दिसते ती माझी. माझी राहील, यांची जाईल.

सून : जरा मागे सरकून बघा. एकटी ठेवली की वाकडी दिसते. दोन्ही शेजारी ठेवल्या की मुद्दाम घडवलेली जोडी वाटते.

सासू : त्याने एकच म्हटलंय.

सून : धड दिसली तर, असंही म्हटलंय. एकटी धड दिसतच नाही, त्याला मी काय करू?

सासू : आणि त्याला ऐकू जाईल हे?

सून : झुकून ओरडेन.

सासू : पण कापड?

सून : खोलीतला पडदा काढते.

सासू : आणि खिडकी? समोरच्यांना सगळं दिसेल.

सून : जुनी चादर टांगू. उजेड आला तर तुमचा मुलगा लवकर उठेल तरी.

सासू : चेहरा बघ तुझा. दमलीयस.

सून : दमलेच आहे. आता बसले तर उठायची नाही, तेव्हा टाचण्यांचा डबा द्या.

सासू : हा घे. कापड उलटंच घालायचं ना?

सून : उलटंच. फक्त या वेळी तुमच्या खुर्चीवर टाचायचं. म्हणजे बाबांच्या खुर्चीला बसेल.