पायाला लावलेला आकडा

(लालबागची चाळ. माजी गिरणी कामगार रामजी आणि त्यांची डॉक्टर लेक माया, नुकतीच घरी आलेली.)

रामजी : म्हणजे एवढ्या देशांचे डॉक्टर स्क्रीनवर, तुझे सर शेजारी, आणि तू मध्येच बोललीस?

माया : सरांनी खुणावलं, गप्प बस म्हणून. तरी मी माइक चालू केला.

रामजी : अगं, नोकरीला वर्ष नाही झालं तुझ्या! एवढं काय अडलं होतं?

माया : नवजात बाळांच्या फुप्फुसांना इजा झाली हे कसं ओळखायचं, त्याचा सगळ्या देशांसाठी एकच नियम ठरत होता. ते म्हणाले, धमनीतलं रक्त काढून त्यातला ऑक्सिजन तपासलेला असेल तरच बाळ अभ्यासात धरायचं.

रामजी : मग तपासायचं.

माया : आमच्या परळच्या हॉस्पिटलात होतं ते. छोट्या दवाखान्यांत मशीनच नाही, बाबा. तिथलं बाळ धापा टाकून निळं पडलं, तरी यांच्या हिशेबात ते आजारीच नाही!

रामजी : हं. तसंच झालं होतं आमचं.

माया : कोणाचं?

रामजी : कार्डिंग खात्यातल्यांचं, कापूस पिंजायचो आम्ही, सगळी धूळ छातीत. सुट्टी संपून सोमवारी कामावर गेलं की छाती आवळायची. गिरणीचा डॉक्टर वहीत लिहायचा, सर्दी. सगळ्यांना सर्दी! गिरणी बंद पडल्यावर भरपाई मागायला गेलो, तर वहीत खोकलासुद्धा नाही.

माया : हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही.

रामजी : कोणी विचारलं? ते सोड. तू काय म्हणालीस त्यांना?

माया : म्हटलं, बाळाच्या पायाला लावतो तो ऑक्सिमीटर सगळीकडे असतो. त्याचा आकडा धरा. आमच्या दोनशे बाळांचे रक्ताचे आणि पायाचे, दोन्ही आकडे शेजारी ठेवून दाखवले. फारसा फरक नव्हता.

रामजी : मग?

माया : मग केनियाच्या एक बाई बोलल्या, आमचंही हेच रडगाणं आहे. तासभर वाद झाला. शेवटी धरला आकडा.

रामजी : खरंच? आणि तुझे सर?

माया : म्हणाले, पुढच्या वेळी आधी मला सांगत जा. आणि कँटीनमध्ये स्वतः चहा पाजला.

रामजी : मग भला माणूस आहे. शाब्बास, पोरी.

माया : बाबा, उद्या माझ्याबरोबर चला. छातीच्या डॉक्टरांना दाखवू तुम्हाला.

रामजी : आता ह्या वयात कशाला?

माया : मी विचारतेय म्हणून.

रामजी : ...किती वाजता निघायचं?