उत्तरेकडची उशी

कावेरी : सही करायची की नाही, ते तुम्हीच ठरवा अज्जा. अज्जींना कमरेच्या पट्ट्यानं पलंगाला बांधायचं, दोन तासांच्या वर नाही. दर पंधरा मिनिटांनी मी येऊन बघणार.

रघुपती : आणि नाही केली तर?

कावेरी : तर अज्जी परत उठणार. काल पडल्या, भुवईला चार टाके. पुढच्या वेळी खुबा मोडला तर?

रघुपती : तुम्हाला काय वाटतं? तुम्ही नर्स आहात, तुम्हाला जास्त...

कावेरी : मला बांधायला आवडत नाही. बांधलेलं माणूस जास्त धडपडतंय. पण ह्या वृद्धाश्रमात दुपारी बारा जणांमागं मी एकटी. खरं सांगते.

वसुमती : ह्या पलंगावर मी निजणार नाही.

रघुपती : वसू, पाच मिनिटं पड.

वसुमती : तुम्ही पडा.

कावेरी : बघा की. खुर्चीत दिवसभर गप बसतात. आडवं केलं की सुरू. इथं आल्यापासून आठ दिवस हेच. घरी अशाच करायच्या काय?

रघुपती : हिंडायची. पण झोपायची... कावेरी, ह्या खिडकीतून सकाळचं ऊन कुठल्या हाताला येतं?

कावेरी : झोपलेल्याच्या? डाव्या.

रघुपती : म्हणजे उशी उत्तरेला.

कावेरी : असंल. मग?

रघुपती : उत्तरेला डोकं करून मेलेल्या माणसाला ठेवतात. ती तशी कधीच झोपली नाही. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं. म्हटलं, एवढी पुस्तकं वाचलेला माणूस हे कसं सांगणार. तुम्ही हसाल.

कावेरी : अय्यो अज्जा. आमच्या चिकोडीतबी कोण तसं झोपत नाही. मलाच विचारायचं सुचलं नाही. उशी घ्या त्या टोकाला.

रघुपती : घंटीची दोरी पोचणार नाही.

कावेरी : लांब करते की. धरा स्वल्प.

(अर्ध्या तासाने. वसुमती पलंगाच्या पायथ्याकडे डोकं करून पडली आहे.)

रघुपती : झोपली?

कावेरी : डोळे मिटलेत. पण उद्या उठल्या तर? एवढ्यानं सगळं मिटंल असं नाही.

रघुपती : मी बसतो. कागद घेऊन जा.

कावेरी : इंदिरानगरहून सर्जापूर रोडला, ह्या गर्दीत रोज?

रघुपती : रोज. बसमध्ये वाचन होतं... तुम्हाला एक सांगायचं राहिलं. मी तिला बांधत होतो. दूध आणायला जाताना, खुर्चीला, उपरण्यानं. दोन महिने. इथं आणलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं. मी नाही म्हणालो.

कावेरी : ओरडायच्या?

रघुपती : नाही. गाठ सैल आहे म्हणायची. घट्ट बांधा, नाहीतर मी तुमच्यामागं येईन.